डॉ. लेले यांचा अंधार

विज्ञानाने माणसाला अंधारातून प्रकाशाकडे नेले, असे आपण शाळेत शिकलो. कोथरूडचे आमचे शेजारी डॉ. लेले तीस वर्षे विज्ञानाला उलट दिशेने नेत होते. त्यांची प्रयोगशाळा एका लाल दिव्यावर चाले आणि तिथली प्रत्येक नळी डब्यातल्या पोळ्यांसारखी चांदीच्या कागदात गुंडाळलेली असे.

कारण विचारले, की आधी आपल्या शिक्षणाची चौकशी होई. मग, "तुम्हाला झेपेल असं सांगतो. औषध म्हणजे लग्नातला पाहुणा. शरीरातल्या कुठल्या प्रथिनावर बसलं, हे कळायच्या आत उठून जातं. म्हणून आम्ही त्याला एक शेपूट जोडतो. उजेड पडला, की ते असेल तिथं चिकटतं. मग पाहुणा कुठल्या पाटावर होता, ते सावकाश बघायचं."

"आणि उजेड आधीच पडला तर?"

"तर वाढप्याला चिकटतो. निघा आता."

मेअखेर ते निवृत्त होणार होते. एका जुन्या औषधाचा पाट तेवढा सापडायचा होता, तोही प्रयोगशाळेची किल्ली परत करायच्या आत. "निव्वळ जिज्ञासा, दुसरं काही नाही," असे ते कुणी न विचारता सांगत.

एकदा ते डबा विसरले. लेलेकाकूंनी तो माझ्याबरोबर पाठवला. प्रयोगशाळेचे दार ढकलले, तर आत कोपऱ्यातला लाल दिवा सोडून काळोख. बटणाशेजारी एक पाटी होती. ती वाचता येईना, म्हणून मी दिवा लावला. पाटीवर लिहिले होते : दिवा लावू नये.

डॉक्टर उघड्या नळीपुढे उभे होते. त्यांचा आवाज चढला नाही. पुण्यात तो चढवावा लागत नाही.

"काय आणलंत?"

"डबा."

"आणि तीन आठवड्यांचं काम घेऊन चाललात. माझ्याकडे चार उरलेत."

काहीतरी बोलावे म्हणून मी विचारले, "औषध कशावरचं आहे?"

ते डबा काढत होते. झाकण घट्ट लागलेले नव्हते, निम्मी आमटी पिशवीत होती.

"हिच्या हातांना कंप आहे," ते म्हणाले. "या गोळीनं थोडा थांबतो. थोडाच का, ते कुणाला सांगता येत नाही." मग पिशवी बेसिनमध्ये पिळत, माझ्याकडे न बघता, "पाटी बाहेर लावायला हवी होती."

किल्ली परत करायच्या आदल्या दिवशी पाट सापडला. सोसायटीने शाल दिली. अध्यक्षांनी मानवजातीचा तीनदा उल्लेख केला.

औषध कुठे बसते, ते आता जगाला ठाऊक आहे. डॉक्टर अजूनही काकूंना चहा अर्धा अर्धा कप करून देतात. पूर्ण भरला, की सांडतो.