पुडिंगातली पेनी

रोलंड कॅचपोलची वरची दाढ.

काढणी झालेलं बीटाचं शेत, घोट्यापर्यंत चिखल.

किसलेली चरबी, मनुका, ब्रँडी.

दोन उन्हाळेसुद्धा गादीवर न टिकलेला एक राजा.

"आधी खड्डा बुजव."

हे शेवटचं वाक्य शेताच्या मालकीणबाईंचं, एनिड थर्कल यांचं. टेरी ब्लूमफील्ड त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात धापा टाकत उभा होता. एका हातात धातू शोधायचं यंत्र, दुसऱ्या हातात चांदीची पेनी, त्याच राजाची. आजवर टेरीला बाटल्यांच्या झाकणांपलीकडे काही मिळालं नव्हतं. शोधकांच्या मंडळात त्याला झाकणवाला म्हणत. आता संग्रहालयाच्या नोंदीत 'शोधक' म्हणून त्याचं नाव लागणार होतं. त्याला तेवढंच हवं होतं.

"काकू, बघा तरी."

"बघते. बशीत ठेव. माझ्या शेतात खड्डा उघडा टाकून आलास ना? मेंढी पाय मोडून घेईल."

शेताचा नियम मोठा. टेरी गेला, खड्डा बुजवला, वर माती थापटली. परत आला तर बशी रिकामी.

"काकू, नाणं?"

"पुडिंगात."

तो नाताळच्या महिनाभर आधीचा, नाताळचं पुडिंग ढवळायचा रविवार होता. चर्चच्या विक्रीसाठी एनिड दरवर्षी पुडिंगं करत आणि प्रत्येकात शकुनाचं चांदीचं नाणं घालत. यंदा एक कमी पडलं होतं.

"साडेनऊशे वर्षांचं नाणं होतं ते!"

"मग काय झालं? धुऊन घेतलं मी."

"कुठल्या पुडिंगात?"

"ते आता त्या पुडिंगालाच ठाऊक. आणि सुरीला हात लावू नकोस. सगळ्यांनी ढवळून इच्छा मागितल्यात. कापलंस तर गावाच्या इच्छा तुझ्या डोक्यावर."

टेरीने यंत्र सुरू केलं आणि वाफाळत्या पुडिंगांवरून फिरवलं. पहिलं वाजलं. दुसरं वाजलं. सगळीच वाजली. वाजणारच. प्रत्येकात चांदी होती.

पुडिंगं विकली गेली. टेरी दारोदार फिरला. गाव भडकलं.

"आमचं पुडिंग नाताळाआधी कापायचं?" पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "उद्या आमच्या कोंबडीचं पोटही फाडशील."

"मी विकत घेतो."

"म्हणजे त्यात काहीतरी आहेच. मग तर मुळीच नाही."

मंडळाच्या सभेत त्याने हकिगत सांगितली. सचिव रोलंड कॅचपोलने चष्मा पुसला. "टेरी, लेका, मासा निसटला म्हणणारे पुष्कळ पाहिले. मासा पुडिंगात गेला म्हणणारा तू पहिलाच." सगळे हसले. टेरी उठून घरी गेला. वाटेत जे बोलला ते फक्त त्याच्या कुत्र्याने ऐकलं.

नाताळच्या दुपारी फोन आला.

"माझी दाढ तुटली," रोलंड म्हणाला.

"आणि पेनी?"

"शाबूत आहे. माझी आहे. ज्याच्या घासात, त्याचं नाणं. एनिडबाईंना विचार."

विचारलं. एनिड म्हणाल्या, "रीत तीच आहे बाबा. मी काय करू?"

शेतात वाकून शोधणारा शोधक नाही आणि तोंड उघडून चावणारा शोधक! टेरी नोंदणीच्या दिवशी संग्रहालयात पोचला. रोलंड गाल सुजवून आधीच खुर्चीत बसला होता.

नोंदणीच्या बाईंनी पेनी पाहिली. भिंग काढून पुन्हा पाहिली. "शोधक?"

"मी," रोलंड म्हणाला.

"कुठे सापडली?"

"पुडिंगात."

"कोणत्या शेतात, म्हणतेय मी. पुडिंगातल्या वस्तूंची आम्ही नोंद घेत नाही."

रोलंडने टेरीकडे पाहिलं. "सांग ना यांना."

"मी काय सांगू?" टेरी म्हणाला. "मी झाकणं शोधणारा."

"टेरी, मूर्खपणा करू नकोस. नोंद झाली नाही तर इतक्या मोलाचं नाणं जगाला कळणारच नाही."

"मासा पुडिंगात गेला म्हणावं जगाला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. घड्याळाकडे पाहिलं. रोलंडने सुजलेला गाल धरला, आणि मंडळात कुणी कधी ऐकला नव्हता इतक्या बारीक आवाजात म्हणाला, "एनिडबाईंच्या बीटाच्या शेतात. याला सापडली."

ते शेत टेरीच्या आधी शोधायला रोलंडकडे होतं. तिथे खिळ्यांशिवाय काही नाही, असं एनिडबाईंना सांगून त्याने ते स्वतःहून सोडलं होतं.