खासनीसकाकांचे टिकाऊ बॉल

खासनीसकाकांच्या घरी कधी गेलात तर सोफ्यावर बसू नका. तिथे बॉल बसतात.

मला हे माहीत नव्हतं. हडपसरच्या या सोसायटीत आम्ही नवीन आलो होतो आणि काका आमच्या बरोबर डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे, म्हणून ओळख करून घ्यायला मी वर गेले. पाहते तर सोफ्यावर स्वच्छ टॉवेल अंथरलेला आणि त्यावर पाच चकचकीत गोळे ओळीनं ठेवलेले. नारळापेक्षा मोठे, कलिंगडापेक्षा लहान. प्रत्येकाला वर तीन भोकं. एकाला जरा सरकवून मी टेकायला गेले, तर तो जागचा हलेना.

"अहो, पाटलीणबाईंना उठवू नका!" काका स्वयंपाकघरातून ओरडले. "तुम्ही खुर्ची घ्या."

मी घरभर पाटलीणबाईंना शोधलं. मग कळलं की पाटलीणबाई म्हणजे तो लालसर, सगळ्यात जड गोळा. शेजारचा काळा गोळा म्हणजे 'साहेब'.

"हे आहे तरी काय?" मी विचारलं.

"बोलिंगचे बॉल."

आमच्या घरात क्रिकेटशिवाय दुसरं काही बोललं जात नाही. त्यामुळे मला आधी त्या बिचाऱ्या बॅट्समनची काळजी वाटली. मग काकांनी तासभर समजावलं. गुळगुळीत लाकडी पट्टा असतो, पलीकडच्या टोकाला दहा पिना उभ्या असतात, बॉल घरंगळत सोडायचा आणि पिना पाडायच्या. मॉलमध्ये मुलं खेळतात ते.

"म्हणजे तुम्ही खेळता?"

"छे! कँपातली बोलिंगची जागा कधीच बंद पडली."

"मग दुसरीकडे जाता?"

"नाही."

"मग हे ठेवलेत कशाला?"

काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी एखाद्या बाईला 'नवरा कशाला ठेवलायस?' असं विचारलं होतं. "अहो, चांगले आहेत की अजून!"

या उत्तरानं माझ्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला, तो बरीच वर्षं टिकला.

काकांची सगळी नोकरी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. समोर येईल त्या वस्तूवर बोटाच्या पेरानं टकटक करायचं, कान लावायचा आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं. निवृत्त झाले तरी हात थांबला नाही. आमचा नवा फ्रिज पाहायला आले, दारावर टकटक केली आणि म्हणाले, "रिजेक्ट. पाच वर्षं काढली तर डोक्यावरून पाणी." सोसायटीचे चेअरमन रिजेक्ट. लिफ्ट रिजेक्ट. एका लग्नात नवरानवरीला आशीर्वाद देऊन आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "टिकेल." त्यांना माणसाच्या पगारात, जातीत, शिक्षणात काडीचा रस नव्हता. एखादी गोष्ट किती टिकेल, एवढंच त्यांना हवं असायचं.

एकदा मंडईत मी त्यांच्यासोबत होते. त्यांनी एकामागून एक इतकी कलिंगडं वाजवून, कान लावून नापास केली की शेवटी विकणारी बाई म्हणाली, "आजोबा, कलिंगड हाय हे, तोफंचा गोळा न्हाय." काका म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

साहजिकच बॉल हे त्यांच्या लेखी सृष्टीतलं सर्वोत्तम उत्पादन. "आपण जाऊ, हे राहतील," हे वाक्य ते इतक्या आनंदानं म्हणायचे की ऐकणाऱ्याला आपण लवकर जावं असं वाटू लागे. मात्र एवढ्या टिकाऊ वस्तूंची काळजी ते तान्ह्या बाळासारखी घेत. एकदम गरम किंवा एकदम गार झालं तर बॉलला तडा जातो म्हणे. म्हणून उन्हाळ्यात काका बाहेर जाताना पंखा चालू ठेवून जायचे आणि थंडीत बॉलना कानटोप्या घालायचे. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. स्वतः मात्र डोकं उघडं ठेवून खोकत बसायचे, कारण टोप्या पाचच होत्या.

आंघोळ हा वेगळा विषय. रविवारी सकाळी बादलीत कोमट पाणी, त्यात भांड्यांचा साबण, आणि एकेक बॉल आत. मग ते बाल्कनीत निथळायला ठेवायचे. तिथून ते पाणी थेट माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवर. मी तणतणत वर गेले.

"काका, हे काय चाललंय?"

"तेल सोडतायत ते."

"कसलं तेल?"

"खेळायच्या पट्ट्यावर तेल लावतात, वैद्यबाई. ते बॉलमध्ये मुरतं. काढलं नाही तर बॉल मरतो."

"पण ती जागा बंद पडून किती वर्षं झाली! अजून कुठलं तेल?"

"मुरलेलं असं लगेच निघत नाही," काका शांतपणे म्हणाले आणि पाटलीणबाईंची पाठ चोळू लागले. पुढच्या रविवारपासून मी साड्या गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला वाळत घालू लागले. शहाण्या माणसाशी भांडता येतं, काकांशी नाही.

आणि खंडेनवमी! ज्यानं त्यानं आपापली हत्यारं पुजायची तो दिवस. सुतार करवत पुजतो, माझा नवरा लॅपटॉप पुजतो. काकांनी पाटावर पाचही बॉल मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या आणि दार उघडं ठेवलं. तिसऱ्या मजल्यावर नागपूरकडचं एक कुटुंब नुकतंच राहायला आलं होतं. त्यातल्या आजींनी जाता जाता आत पाहिलं, चपला काढल्या, साहेबांपुढे नारळ ठेवला आणि पदर पसरून नमस्कार केला.

"कुठलं स्थान म्हणायचं हे?" त्यांनी विचारलं.

"कँपातलं," काका म्हणाले.

"जागृत दिसते."

"टिकाऊ आहे," काका म्हणाले. त्यानंतर त्या आजी मंगळवारी मंगळवारी फुलं घेऊन यायला लागल्या आणि काकांनी त्यांना एकदाही अडवलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मंगळवारी यांच्याकडे कोणी आलं तर बरं वाटतं." आता मंगळवारचं काय मध्येच? मी विचारायचं सोडून दिलं.

मग गेल्या पावसाळ्यात काका जिन्यावर घसरले आणि उजवं मनगट मोडलं. त्यांची मुलगी मुग्धा बाणेरला राहते. दर रविवारी डबा घेऊन यायची, बॉलकडे न बघता खुर्चीवर बसायची आणि जायची. ती आता ठाम झाली. बाबांनी तिच्याकडे राहायला यायचं, हा फ्लॅट भाड्यानं द्यायचा. आणि बॉल येणार नाहीत.

"ताई, तुम्हीच सांगा," ती मला म्हणाली. "घरात रांगतं मूल आहे. एक जरी त्याच्या अंगावर आला तर? आणि कशासाठी हे सगळं? आई गेल्यावर तिच्या साड्या यांनी महिन्याभरात वाटून टाकल्या. मला विचारलंसुद्धा नाही. आणि हे गोळे जपून ठेवलेत!"

सामान बांधायच्या दिवशी काकांचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून बॉल उचलायला मी गेले. काकांनी फारशी खळखळ केली नाही. कँपातली जागा बंद झाली तेव्हा सगळं सामान भंगारवाल्याकडे चाललं होतं, त्यातून त्यांनी यातले चार उचलून आणले होते. पाटलीणबाई आणि बाकीचे दोन सोसायटीच्या क्लबहाऊसला द्यायचे ठरले. साहेब त्या नागपूरच्या आजींनी देवघरासाठी मागून घेतले.

उरला पाचवा. निळा, सगळ्यांत हलका. मी तो उचलायला भोकांत बोटं घातली, तर ती पहिल्या पेरावरच अडकली.

"त्यात बोटं नको!" काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की मी दचकले. मग ओशाळले. "माफ करा हं. तो भंगारातला नाही. तो हिचा आहे, मुग्धाच्या आईचा."

मुग्धा पेटीला चिकटपट्टी लावत होती. तिचा हात थांबला.

"प्रत्येकाची भोकं हाताच्या मापानं पाडतात," काका मला सांगू लागले. मुलीकडे ते बघतच नव्हते. "निवृत्तीनंतर आम्ही दर मंगळवारी जायचो तिथे. दुपारी भाव कमी असायचा आणि एसी फुकट. ती साडी खोचून खेळायची. तिथल्या बॉलची भोकं तिच्या बोटांना मोठी व्हायची. मग मी एकदा वर्निअर, म्हणजे कारखान्यातली ती बारीक मापाची पट्टी, आणून तिच्या बोटांचं माप घेतलं. तिला वाटलं, अंगठी आणतोय. मी नवा बॉल घेतला आणि भोसरीच्या एका ओळखीच्या लेथवाल्याकडून त्याला तिच्या मापाची भोकं पाडून आणली. चार दिवस बोलली नाही माझ्याशी. मंगळवारी पहिल्याच फेकीला सगळ्या पिना पाडल्या, मग बोलली."

"आणि साड्या?" मुग्धानं विचारलं. आवाज चढलेला होता. "साड्या का दिल्यात?"

"साड्या कोणालाही होतात गं," काका म्हणाले. "फोटो आहेत, पण सगळ्या फोटोंत ती माझ्या खुर्चीमागे उभी. हात कुठेच दिसत नाहीत. माझी बोटं यात जात नाहीत, पण भोकांच्या कडेवरून फिरवली की कळतं, एवढा अंगठा होता, एवढी बोटं. हा तेवढा मला नेऊ दे. नाहीतर वैद्यबाईंकडे राहू दे, मी येऊन बघत जाईन."

मला वर बघवेना. याच बॉलच्या आंघोळीवरून मी या माणसाशी भांडायला गेले होते.

मुग्धा उठली आणि सोफ्याजवळ आली. मला वाटलं, ही आता बॉल पेटीत ठेवतेय, किंवा माझ्या हातात देतेय. तिनं फक्त हात पुढे केला आणि बोटं भोकांत घातली. आधी दोन, मग अंगठा. आत, अगदी मुळापर्यंत गेली. तिनं बॉल उचलला, सहज, पिशवी उचलावी तसा.

काका पुढे झाले आणि डाव्या हातानं तिच्या बोटांभोवतीची फट चाचपू लागले. फट नव्हतीच.

"सैल नाही ना होत?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. बरोबर होतंय."

काका बसले, थेट सोफ्यावर, टॉवेलवरच. तिचा हात बॉलसकट त्यांनी मांडीवर घेतला. "रोज डबा द्यायला यायचीस," ते म्हणाले, "आणि मी कधी हाताकडे बघितलंच नाही."

"रोज नाही, बाबा. रविवारी," मुग्धा म्हणाली आणि रडायला लागली.