हिरवं पाणी आणि सिद्धप्पाअण्णा

सिद्धप्पाअण्णा ढगांना शिव्या देतात. तलावाच्या मधोमध, होडीत उभे राहून. ठरलेल्या दिवशी सकाळी उपग्रह वरून जातो आणि पाण्याचा फोटो काढतो. अण्णांनी नेमकं तेव्हाच पाणी बाटलीत भरायचं, म्हणजे वरचं आणि खालचं ताडून बघता येतं. ढग आडवा आला की फोटो वाया. मग अण्णा आभाळाकडं बघून ओरडतात, "सकाळधरनं कुटं मेला होता बे? आत्ताच यायचं होतं व्हय?"

आमच्या मत्स्यखात्याच्या ऑफिसात त्या फोटोंवरून नकाशे मी करतो, पाणी अण्णा आणतात. शुक्रवार पेठेत एकटेच राहतात. जन्मात मासा खाल्लेला नाही, डब्यात कायम कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पण माशांवरून सगळ्या ऑफिसशी भांडण.

यंदा वळसंगकडच्या तलावाचा नकाशा बघून साहेब खूश झाले. "वा, हिरवंगार! सोडा बोटुकली." बोटुकली म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं. "हे शेवाळ आहे, साहेब," असं मी पुटपुटलो. नुसता पुटपुटलो, याची अजून लाज वाटते.

अण्णांनी टेबलावर बाटली आदळली. "हिरवं शेतात चांगलं, साहेब! पाण्यात हिरवं म्हंजे पहाटे मासा गुदमरून मरतोय. वरनं रंग दिसतोय, वास येतोय व्हय?"

तरी बोटुकली सोडायचा समारंभ झालाच. हार, फोटो, टाळ्या. निम्मी बोटुकली पाण्यात गेली. उरलेल्या पिशव्या अण्णांनी सगळ्यांदेखत रिक्षात घातल्या आणि ते निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काठाला पांढरी पोटं लागली. साहेबांनी मला बोलावलं. वाटलं, चूक कबूल करतील. तर म्हणाले, "त्यानं सरकारी मासे चोरलेत. घेऊन या."

माझं डोकंच फिरलं. तसाच तणतणत अण्णांच्या घरी गेलो आणि दारातूनच ओरडलो, "अण्णा, हा साहेब माणूस आहे का कोण!"

आत पिंप, बादल्या, परात, कुकर, सगळ्यांत बोटुकली वळवळत होती. पाण्यात हवा मिसळावी म्हणून अण्णा तांब्यानं उंचावरून पाणी ओतत बसले होते. डोळे तांबारलेले. चुलीवर ठेवायला एक भांडं उरलं नव्हतं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. एवढ्या वर्षांत त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"ओरडू नको की बे. घरात पोरं हायत."