सासूबाईंचा ओटीपी

सुलक्षणाबाईंना प्रशील पसंत पडला तो पोहे यायच्या आधीच. कारण दारात बूट काढताना तो हुबेहूब विक्रांतसारखा वाकला.

विक्रांत म्हणजे 'घर माझं कुलूपबंद' या मालिकेतला जावई. त्याच्यापायी धुळ्यातली सुलक्षणाबाईंची अख्खी कॉलनी रोज भाजी करपवते.

"अगदी विक्रांत गं!" सुलक्षणाबाई आत जाऊन लेकीच्या, मृणालीच्या कानात म्हणाल्या. बाहेर सोफ्यावर प्रशीलला स्पष्ट ऐकू आलं. तो खूश झाला. मृणाली त्याला फोटोतच आवडली होती आणि महिनाभर फोनवर बोलून तर जास्तच. तिलाही तो आवडला होता. मृणालीचे वडील यादवनाना एसटीतून रिटायर झालेले. ते कशालाच नाही म्हणत नव्हते. उरला आईचा होकार. आणि त्या घरात आईचा होकार म्हणजेच होकार.

तो मिळालाच होता जवळजवळ. पण प्रशील वाचणारा मुलगा. जळगावला ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात काम, आणि गिऱ्हाईक नसलं की पुस्तक. मृणालीला वाचणारा नवरा हवाय हे त्याला माहीत होतं. समोर टीव्हीवर विक्रांत सासूच्या पाया पडत होता. मग काय, राहवलं नाही.

"आई, ही मालिका ना, एका जुन्या कादंबरीवरून उचललीय. 'किल्ल्यांचा जुडगा.' माझ्याकडे आहे."

"काय सांगता!"

"खरंच. तिकडे सासूच्या कमरेला किल्ल्या, इकडे सासूच्या मोबाईलवर ओटीपी. तिकडे जावई कोठाराची किल्ली मागतो, इकडे हा बँकेचा ओटीपी मागतो. तिकडे सासू रुसली की तो आंब्याची करंडी आणतो, इकडे हा ड्रायफ्रूटचा बॉक्स. माणसं तीच. फक्त धोतराची जीन्स झालीय."

मृणाली कौतुकाने बघत होती. इथे थांबायला पाहिजे होतं.

"मग शेवटी काय होतं?" सुलक्षणाबाई पुढे सरकल्या.

आता खरी गोष्ट अशी की प्रशीलने ती कादंबरी रद्दीवाल्याकडून घेतली होती आणि तिला शेवटची पानंच नव्हती. त्यात कुणाला तरी शेंगदाणे बांधून गेले असणार. 'माहीत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण मृणाली बघत होती ना!

"शेवटी जावई किल्ल्या घेतो, घर विकतो आणि सासूला बाहेर काढतो," त्याने ठोकून दिलं. "पहिल्यापासून त्याच्या मनात तेच असतं. गोड बोलणं, पाया पडणं, सगळं नाटक."

सुलक्षणाबाईंचा चमचा पोह्यांतच राहिला. "विक्रांत असं करेल?"

"शंभर टक्के."

"आणि हे तर अगदी विक्रांतसारखे," यादवनाना म्हणाले. ते दिवसातून एखादं वाक्य बोलतात. आजचं हे होतं.

कुणी हसलं नाही. विषय बदलावा म्हणून प्रशील खिडकीतून वर बघत म्हणाला, "घर छान आहे हं. वर गच्चीवर अजून दोन खोल्या आरामात निघतील."

सुलक्षणाबाईंनी नानांकडे बघितलं. नानांनी गच्चीच्या दिशेने बघितलं. आणि तेवढ्यात टीव्ही बंद पडला. पडद्यावर अक्षरं आली, आपला पॅक संपला आहे.

प्रशीलला वाटलं, चला, देवासारखी संधी आली. त्याने पटकन खिशातून मोबाईल काढला. "एका मिनिटात रिचार्ज करतो आई. नंबर तुमच्याच नावावर असेल ना? तुमच्या मोबाईलवर एक ओटीपी येईल. तो फक्त सांगा मला."

शुक्रवारच्या भागात विक्रांत हेच म्हणाला होता. शब्दाला शब्द.

सुलक्षणाबाईंनी मोबाईल उचलला, पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "पोहे खाऊन घ्या. गाडी चुकेल तुमची."

चार दिवसांनी मृणालीचा फोन. "आई म्हणते, साखरपुड्याचं पुढे बघू."

"किती पुढे?"

"ते नाही सांगितलं. पण घराच्या कागदांच्या कपाटाला दुसरं कुलूप लावलंय. अरे, कशाला सांगितलास शेवट?"

"टीव्ही तरी सुरू झाला का?"

"कुठला! मी रिचार्ज करते म्हटलं तर म्हणाली, तू आता त्याच्या बाजूची. शेजारी मंदाबाईंकडे जात होती बघायला, पण त्या मधे मधे बोलतात. आता वाचनालयातून ती कादंबरीच आणलीय. पोळी लाटताना पण वाचतेय. काल नानांना म्हणाली, सासू बरोबर आहे, माणूस ओळखता आला पाहिजे."

प्रशीलने फोन ठेवला. त्याने सोनगीरला आत्याला फोन लावला. आत्याने, म्हणजे द्रौपदाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि अहिराणीत झापलं.

"शेवट माहीत नव्हता, ते तोंड कसाले उघाडं रे?"

"चुकलं आत्या."

"मी येस संगे. पन रिकामा हातनी जावानं नही. काहीतरी ले."

जळगावहून न्यायचं काय? प्रशीलने केळीच्या वेफर्सचा मोठा खोका घेतला, वर लाल रिबीन बांधून, आणि आत्याला सोबत घेऊन धुळं गाठलं.

"जयभीम," दार उघडल्यावर तो म्हणाला आणि खोका पुढे केला.

सुलक्षणाबाईंच्या एका हातात कादंबरी होती, बोट पानात. त्यांनी खोक्याकडे बघितलं, मग पुस्तकाकडे. "करंडी," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळीच वाचलं मी हे."

"आई, ते वेफर्स आहेत..."

"बसा. थोडीच पानं राहिलीत. वाचते, मग बोलू."

मग सगळे बसले. सोफ्यावर प्रशील आणि आत्या, समोर नाना, दाराशी मृणाली. टीव्ही बंद. सुलक्षणाबाई ओठ हलवत वाचत होत्या आणि चौघं त्यांचं तोंड बघत होते. मधेच त्यांच्या भुवया वर गेल्या. प्रशील सोफ्याच्या कडेला सरकला. मग त्या "अरे बापरे" म्हणाल्या. मृणालीने दाराची कडी धरली. मग एकदम खुदकन हसल्या आणि पुस्तक मिटलं.

"काय झालं शेवटी?" प्रशीलच्या तोंडून निघून गेलं.

"मी काय सांगू? तुम्ही वाचलीय ना!"

आता पुन्हा एकदा ठोकून द्यायचं की काय? मृणाली तशीच बघत होती.

"नाही वाचली," प्रशील म्हणाला. "माझ्या पुस्तकाला शेवटची पानंच नव्हती. मृणालीसमोर शायनिंग मारायला मनाचंच सांगितलं. विक्रांतचं मला काही माहीत नाही, आई. घराचं पण काही मनात नाही."

"आते खरं बोलना!" आत्या समाधानाने म्हणाल्या.

नाना खुर्चीत हलले. "विक्रांत कधीच कबूल नाही करत," ते म्हणाले. हे आजचं.

सुलक्षणाबाईंनी कादंबरी मांडीवर ठेवली. मग पदराखालून मोबाईल काढला.

"टीव्ही सुरू करा आधी. मागवा तो ओटीपी."

मृणालीचा चेहरा उजळला. प्रशीलने नंबर टाकला. तिकडे टुण्ण वाजलं. सुलक्षणाबाईंनी चष्मा लावून, सगळ्यांसमोर, मोठ्याने आकडे वाचले. सोफ्यावर आत्या डोळे पुसायला लागल्या. प्रशीलने आकडे टाकले.

"आई, चुकीचा दाखवतंय."

"हो का?" त्यांनी कादंबरीचं शेवटचं पान उघडून त्याच्या हातात दिलं. "वाचा."

प्रशीलने वाचलं. म्हातारी जुडगा जावयाच्या हातात देते. तो आयुष्यभर तो कमरेला लावून घर सांभाळतो, एक काडी विकत नाही. म्हातारी गेल्यावर कळतं, त्यातली एकही किल्ली त्या घरातल्या एकाही कुलपाला लागत नाही. खऱ्या किल्ल्या शेवटपर्यंत तिच्या उशाखाली.

त्याने मान वर केली. सुलक्षणाबाई वेफर्सचा खोका फोडून सगळ्यांना वाटत होत्या. मोबाईल पुन्हा पदराखाली गेला होता.

"मग... पुन्हा मागवू का ओटीपी?"

"मागवा की," त्या म्हणाल्या. "आता जन्मभर मागवा. घरचेच झालात."