नानांची वरची पट्टी

नाना शेळके घरात बोलत नाहीत, घोषणा करतात. भाजी करपायला लागली तर "अगं, गॅस बंद कर" असं साधं वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. वांग्याची भाजी लागून राह्यली. संबंधितांनी जल्दी गॅसजवळ यावं." संबंधित म्हणजे काकू. जालन्याच्या मस्तगडात आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत, त्यामुळे शेळक्यांचा कुकर कितव्या शिट्टीवर आहे हे मला माझ्या ओट्यापाशी समजतं.

नाना बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. 'केदारखेडामार्गे पिंपळगाव रेणुकाई' हे शब्द त्यांनी एवढ्या वेळा उच्चारले असतील की एखाद्याने तेवढ्यात कोटी जप पुरा केला असता. निवृत्तीनंतर माइक स्टँडवर राहिला आणि आवाज तेवढा घरी आला. माणसांचे ते दोनच प्रकार मानतात, टायमावर सुटणारी आणि रखडणारी. मी शाळेत शिकवते, संगणकाचा तासही माझ्याच गळ्यात पडलेला, म्हणून मी त्यांची 'मास्तरीणबाई' आणि अर्थातच रखडणारी.

त्या रविवारी सकाळी मी डोक्याला तेल लावून बसले होते. भिंतीपलीकडून आवाज आला, "मास्तरीणबाईंनी लक्ष द्यावं. आमची गाडी भलत्याच फलाटावर लागून राह्यली." तेलकट डोक्यानेच गेले.

नानांचा कॉम्प्युटर त्यांच्या मुलीच्या, शीतलच्या कॉलेजच्या वेळचा. त्याच्यावर काकूंनी जुन्या साडीचा अभ्रा शिवून घातलेला. झालं होतं असं की कुठल्याशा अपडेटनंतर काहीही दाबलं तरी ते निळ्या चिन्हाच्या ब्राउझरमध्ये उघडत होतं. नानांची सवय गोल चकतीवाल्याची.

"पेन्शनची लिंक दाबली, निळ्यात. भविष्य दाबलं, निळ्यात. मला इचारलं का कुणी? प्रवाशाला न इचारता दुसऱ्या गाडीत बसवलं असतं तर आमाला मेमो मिळाला असता, मेमो!"

"नाना, निळाही वाईट नसतो. पानं तीच दिसतात."

"बिलकुल न्हाई."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. काम पाच मिनिटांचं. सेटिंग्ज उघडल्या, डिफॉल्ट अ‍ॅप्समध्ये गेले, निळ्याच्या जागी चकती निवडली. पेन्शनची लिंक दाबून दाखवली तर चकतीवाल्यात उघडली. आता शाबासकी आणि चहा मिळेल म्हणून मी खुर्ची मागे सारली.

नाना मात्र पडद्याला नाक लावून बघत राहिले. "पट्टी कुठं गेली?"

"कुठली पट्टी?"

"वरची. जपून ठेवलेल्या पानांची." हे त्यांनी इतक्या हळू विचारलं की मी दचकलेच. या माणसाला खालच्या पट्टीतही बोलता येतं, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

मग उलगडा झाला. चार दिवस नाना त्या निळ्याशी एकटेच झुंजले होते. समोर जी चौकट येईल तिला ते 'हो' म्हणत गेले. "मशीन एवढं अदबीनं इचारतं, त्याला न्हाई कसं म्हनावं?" त्यातल्याच एका चौकटीने चकतीवाल्यातल्या खात्यातून बाहेर पडू का असं विचारलं होतं. तिलाही हो. आणि ते खातं नानांचं नव्हतंच. शीतलचं होतं.

शीतलबद्दल सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी तिने आपल्या पसंतीने लग्न केलं आणि कोल्हापूरला गेली. नानांनी घरात घोषणा केली, "ही गाडी कायमची रद्द." तेव्हापासून बापलेकीत शब्द नाही. काकू तिच्याशी गच्चीवर जाऊन फोनवर बोलतात, खाली आल्यावर तिचं नाव काढत नाहीत.

खातं तेवढं घरच्या कॉम्प्युटरवर तसंच चालू राहिलं होतं. शीतल तिकडे मोबाइलवर जे पान जपून ठेवायची ते इकडे जालन्यात, नानांच्या पट्टीवर येऊन बसायचं. आधी 'दोन खोल्यांचं घर भाड्याने'. मग 'चपात्या मऊ राहण्यासाठी'. आणि एक दिवस 'पाचव्या महिन्यात काय खावे'. आजोबा होणार हे नानांना सांगायची काकूंची छाती झाली नव्हती, ते त्यांना पट्टीवरून कळलं. त्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः एक पान शोधून तिथे ठेवलं, 'डिंकाचे लाडू'. ते तिकडे गेलं. पोरीने काढून टाकलं नाही.

पुढे हेच चालू राहिलं. तिकडून 'बाळाचा खोकला' आला की इकडून 'ओव्याची पुरचुंडी' जायची. दोघांनी एकमेकांना एक अक्षरही लिहिलं नाही.

"मला समदं म्हाईत हाये," काकू दारातून म्हणाल्या. "फरशी पुसताना बघते मी. मला तर माउसबी धरता येत न्हाई. पान कोन ठिवतंय, ते तिला कळत नसंल व्हय?"

नानांनी कपाटातून शीतलची जुनी वही काढून माझ्यापुढे ठेवली.

तिच्या मागच्या पानावर पासवर्ड सापडला. मी तो घातला. तो चालला, पण लगेच पुढची पाटी आली. आता तिच्या फोनवर विचारणा जाणार होती आणि तिने परवानगी दिली तरच खातं उघडणार होतं.

"म्हंजे तिला कळंल?"

"जालन्यातून कोणीतरी मागतंय, एवढं कळेल."

"मंग ऱ्हाऊ द्या." नाना उठले. सरळ टांगलेलं कॅलेंडर त्यांनी उगाच सरळ केलं आणि पुन्हा येऊन बसले. "मी आजवर मागितलं न्हाई काई तिला."

"मंग आता मागा की," काकू म्हणाल्या.

"चार दिस झाले," नाना म्हणाले. "लेकराचा खोकला कसा हाये, काईच समजून न्हाई राह्यलं." मग माझ्या हातातून माउस काढून घेऊन त्यांनी स्वतः बटण दाबलं.

पडद्यावर ते चक्र फिरायला लागलं आणि मला खरंच भीती वाटली. तिने नाही म्हटलं तर या माणसाला काय सांगायचं? माझी तिघांत काही गरज नव्हती, पण मला उठवेना. काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

मिनिटसुद्धा लागलं नाही. पट्टी भरली. लाडू, पुरचुंडी, चपात्या, सगळं जागच्या जागी आलं. आणि शेवटी एक नवं पान होतं, 'कोल्हापूर ते जालना बसच्या वेळा'. चार दिवस इकडून काहीच गेलं नव्हतं, म्हणून पोरगी गाड्या बघायला लागली होती.

नानांनी चष्मा पुसून ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं. "ही सकाळची गाडी कवाच बंद झाली. समदं चुकीचं लिवलंय. लेकरू घेऊन उन्हात उभी ऱ्हाईल ती. सांगा तिला कुणीतरी, जल्दी सांगा."

काकूंनी नंबर लावला आणि फोन त्यांच्याच पुढे धरला. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं. त्यांनी तो घेतला.

"हॅलो, आई?" पलीकडून आवाज आला.

"आई न्हाई," नाना म्हणाले. "मी हाये."