दुकानदाराची टाच

चालण्याच्या सहलीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, बूटशेटना त्यांचा डावा बूट चावला. बूट कुणालाही चावतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण हा बूट बूटशेटच्या स्वतःच्या दुकानातला होता, आणि त्यांच्यापुढे चालणाऱ्या तिघांच्या पायांतही त्याच दुकानातले, त्याच बनावटीचे तपकिरी बूट होते.

तिघं म्हणजे त्यांची बायको, मेहुणी आणि साडू. साडू शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. नदीच्या काठाकाठाने आठवडाभर चालत समुद्रापर्यंत जायचं, ही कल्पना मास्तरांचीच. सामान टेम्पोतून पुढच्या मुक्कामी जायचं आणि माणसं मागून पायी. मास्तरांबरोबर सकाळी फिरायला जाणारं अख्खं मंडळ पुढच्या महिन्यात याच वाटेने निघणार होतं, आणि बूट कुठून घ्यायचे हे मास्तरांच्या शब्दावर ठरायचं होतं. दुकानात मास्तरांच्या पायात बूट चढवताना बूटशेट मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "हे बूट चावणार नाहीत. चावले तर मला येऊन चावा." मास्तर असली वाक्यं विसरत नसत.

टाचेला आधी नुसती ऊब जाणवली, मग चुरचुर सुरू झाली, मग कुणीतरी पेटती काडी धरून बसल्यासारखी आग. बूटशेट तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात चालत राहिले. पण पाय काही तोंडासारखा दाबून ठेवता येत नाही. तो लंगडायला लागला.

"अहो, काय झालं?" बायकोने मागे वळून विचारलं.

"काही नाही. पाय जरा मुरगळला."

खरं बोलायची संधी तेवढीच होती, आणि ती गेली.

मास्तर लगबगीने मागे फिरले. नोकरीत त्यांनी पोरांचे कितीतरी मुरगळलेले पाय बांधले होते. निवृत्त झाल्यापासून मात्र कुणाचा पाय हाती लागला नव्हता. त्यांनी बूटशेटना एका दगडावर बसवलं आणि घोट्यावर अंगठा रोवला. "इथं दुखतंय?"

घोटा ठणठणीत होता. "आई गं," बूटशेट म्हणाले.

"बूट काढून बघा ना," मेहुणी म्हणाली.

बूटशेटना वाटलं, देव पावला. त्यांचा हात नाडीकडे गेलासुद्धा. पण मास्तरांनी तो वरच्यावर धरला. "मुरगळलेल्या पायातून बूट काढायचा नसतो. काढला की सूज येते, मग पाय पुन्हा आत जात नाही. उलट आवळायचा." आणि पिशवीतून बँडेजची गुंडाळी काढून त्यांनी बुटासकट पाय असा काही आवळला, की टाच आणि बूट यांच्यात वाऱ्यालाही जागा उरली नाही.

पुढच्या टेकाडावर बूटशेट डाव्या पायाच्या चवड्यावर चालू लागले.

"भाऊजी, असं चाललं की घोट्यावर जास्तच जोर येतो," मेहुणी म्हणाली. डोळ्यांनी ती नको तितकी चांगली होती.

"येऊ दे. जोर आला की शीर मोकळी होते."

मास्तरांनी असं कधी ऐकलं नव्हतं. ते थोडा वेळ विचार करत चालले. "म्हणजे दुखणं पोटरीत चढलंय," त्यांनी निदान केलं आणि दुसरी गुंडाळी काढून पोटरीही बांधली. मग आधाराला एक काठी शोधून दिली. काठी आखूड निघाली, त्यामुळे बूटशेटना वाकून चालावं लागलं, आणि तासाभरात कंबरही कुरकुरू लागली. आता एकाच पायात दोन दुखणी होती. जे खोटं होतं त्याची सरबराई चालली होती, आणि जे खरं होतं ते त्या सरबराईखाली भरडून निघत होतं.

शेवटी बायकोने टेम्पोवाल्याला फोन केला. तो आला, बूटशेटचा अवतार बघून त्याने जिभेने च्‌च्‌ केलं. "पुढच्या गावात हाडवैद्य आहेत. एक झटका दिला की माणूस चालत घरी. माझ्या सासऱ्यांचा खांदा त्यांनीच बसवला."

"कशाला उगीच? पडून राहिलो की आपोआप बरं होईल," बूटशेट घाईघाईने म्हणाले.

"दुपारपासून तुमचा चेहरा बघतेय मी. मुकाट्याने बसा टेम्पोत," बायको म्हणाली. लग्नानंतर इतकी वर्षं झाल्यावर, मुकाट्याने म्हटलं की मुकाट्यानेच बसायचं असतं, हे बूटशेटना ठाऊक होतं. बाकीचे तिघंही सामानावर बसून निघाले.

हाडवैद्यांच्या खोलीत एक रुंद बाकडं होतं आणि सगळीकडे तेलाचा वास. माणूस थोराड, हात पाटीसारखे, बोलणं बेताचं. त्यांनी आधी दोन्ही बँडेजं उलगडली आणि मग बूट ओढून काढला. बूटशेटच्या तोंडून इतका लांब सुस्कारा निघाला, की दारात उभा असलेला टेम्पोवालासुद्धा सुखावला.

"बघा, नुसता हात लागला तर आराम पडला," हाडवैद्य म्हणाले.

"पडला ना. पार बरा झालो. निघतो आता." बूटशेट उठायला लागले, पण मास्तरांनी मागून खांदे दाबून धरले.

"मोजा काढा," हाडवैद्य म्हणाले.

"मोजा राहू द्या. मला पायाला गारठा सोसत नाही."

हाडवैद्यांनी मोज्यावरूनच घोटा चाचपला. इकडे फिरवला, तिकडे फिरवला. "सांधा तर जागेवर दिसतोय."

"वरून दिसत असेल," मास्तर म्हणाले. "पण कळा फार आहेत. पोटरीपर्यंत गेल्यात. मी तपासलंय."

"मग आत कुठेतरी अडकला असेल." हाडवैद्यांनी एका हातात टाच धरली, दुसऱ्या हातात चवडा, आणि झटका दिला. कट्‌ असा आवाज झाला.

"मुरगळला नव्हता हो," बूटशेट कळवळून ओरडले. "बूट चावलाय मला. बूट."

हाडवैद्यांनी पाय अलगद बाकड्यावर ठेवला.

"मग आधी सांगायचं," ते म्हणाले. "आता मुरगळलाय."

बायकोने मोजा सोलून काढला. टाचेवर सुपारीएवढा फोड होता, तोही फुटलेला. हाडवैद्य मलम आणायला आत गेले. बूटशेट भिंतीकडे बघत म्हणाले, "बोला मास्तर, काय बोलायचं ते. मंडळालाही सांगा. बूट चावतात."

"पण मला नाही चावले," मास्तर म्हणाले.

"मलाही नाही," मेहुणी म्हणाली. "मी तर सकाळी तेच म्हणत होते, नुसते मोजे घालून चालल्यासारखं वाटतंय."

"आणि मंडळाला मी कालच कळवलं," मास्तर म्हणाले. "म्हटलं, डोळे झाकून घ्या. सगळ्यांनी होकारही दिला."

म्हणजे ज्या इज्जतीसाठी बूटशेट दिवसभर चवड्यावर नाचले, ती आदल्या दिवसापासून सुखरूप होती. हसावं की रडावं ते त्यांना कळेना. पायाने रडायच्या बाजूने कौल दिला.

बायको हातातला बूट उलटून तळ बघत होती. "तुमचा नंबर किती?"

"आठ."

"मोजला कोणी?"

"माझा नंबर मोजायला कशाला पाहिजे? लग्नाच्या वेळी आठच होता."

"लग्नाच्या वेळी तुमची कंबर अठ्ठावीस होती."

टेम्पोवाला तोंड फिरवून खोकला. पन्नाशी उलटली की पाय पसरतो, हे बूटशेट दुकानात आल्यागेल्याला सांगत. पण पसरतात ते गिऱ्हाइकांचे पाय, अशी त्यांची आतून समजूत होती.

फोडाला मलम लागलं, घोट्याला पट्टी बसली, ती यावेळी योग्य जागी. असं ठरलं की मास्तर आणि मेहुणीने पुढे चालत राहायचं. बूटशेटनी दोन दिवस पाय वर करून पडायचं, मग बायकोबरोबर टेम्पोतून समुद्र गाठायचा, आणि जमलंच तर वाळूतून चार पावलं टाकायची.

"इथल्या बाजारात मघाशी चपलांचं दुकान दिसलं," बायको म्हणाली. "मोकळे सँडल घेऊन येते तुम्हाला."

"दुसऱ्याच्या दुकानातून? मला?"

"मग अनवाणी चला."

तिने हाडवैद्यांकडून जुनं वर्तमानपत्र आणि पेन्सिल मागून घेतली, कागद जमिनीवर पसरला आणि त्यासमोर बसली. "उजवा पाय द्या. डावा मोजला तर आज बारा नंबर येईल."

आयुष्यभर बूटशेट खाली स्टुलावर बसत आले होते आणि पाय पुढे करणारे वर खुर्चीत. वर बसून खाली बघायची त्यांना सवय नव्हती. बायकोच्या भांगातले पांढरे केस इथून दिसत होते, आणि तिने घोटा धरला तो इतका हलक्या हाताने, की दुकानात आपण कुणाचा धरला नसेल असं त्यांना वाटून गेलं. त्यांनी कागदावर पाय ठेवला. पावलाच्या कडेने पेन्सिल फिरायला लागली तशी गुदगुली झाली, लाजही वाटली, आणि पाय जरा लहान दिसावा म्हणून बोटं आपोआप आत ओढली गेली.

पेन्सिल थांबली.

"बोटं सरळ करा," बायको वर न बघता म्हणाली. "नाहीतर परत आठच येईल."