आप्पांच्या जहाजाचं सुटं टोक

हौशीरामनं त्या दिवशी तोंडातली पुरणपोळी आधी गिळली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सासुरवाडीला जावयाच्या ताटात तिसरी पोळी पडली की आपल्या अंगी नाही नाही ते गुण आहेत असं त्याला वाटायला लागतं. आप्पा काय म्हणाले ते पुरतं ऐकायच्या आत हौशीराम भरल्या तोंडानं म्हणाला, "त्यात काय एवढं, आप्पा? द्या इकडं. मी करतो."

आत धुरपदानं हातातलं तुपाचं भांडं हळूच खाली ठेवलं. (नवऱ्याच्या तोंडून 'मी करतो' हे शब्द ऐकले की ती हातातली वस्तू आधी सुरक्षित जागी ठेवायची. संसारानं शिकवलेली गोष्ट होती.)

आप्पा म्हणजे तिचे वडील, चांगदेव. सगळी हयात मुंबईच्या गोदीत सुतारकाम करून ते दौंडला परत आले ते डोक्यात समुद्र घेऊनच. दौंडात पाणी म्हणजे भीमेचं, आणि उन्हाळ्यात तेही म्हशीच्या पोटाला लागत नाही. तरी आप्पांनी अंगणात बसून, सागवानाचे तुकडे तासून तासून मराठ्यांच्या आरमारातली एक गुराब घडवली होती. गुराब म्हणजे जुन्या काळचं शिडाचं लढाऊ जहाज. आप्पांची गुराब हातभर लांब होती, पण तिच्या तोफांना तोंडं होती, नांगराला आकडे होते आणि सुकाणू बोटानं ढकललं तर खरोखर वळत होतं.

साल होतं चौऱ्याहत्तर. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं होत होती आणि जूनमध्ये दौंडातल्या एका शाळेत प्रदर्शन भरणार होतं. मधल्या टेबलावर आप्पांचं जहाज ठेवायचं हे नक्की झालं होतं. राहिलं होतं ते फक्त दोरकाम. डोलकाठ्यांना शिडं बांधायची, शिडांना दोर लावायचे, ते दोर पुन्हा कठड्याला आणून बांधायचे. आणि नेमके सरल्या हिवाळ्यापासून आप्पांचे हात कापायला लागले होते. चहाची कपबशी त्यांच्या हातात आली की वाजायची, म्हणून ते आता पेल्यातून चहा प्यायचे.

"हे हात आता दोरा धरीत न्हाईत," एवढंच ते म्हणाले होते, आणि तेही जहाजाकडं बघत. त्यावर हौशीराम बोलून बसला.

आप्पांनी जहाजावरची नजर जावयाकडं वळवली. "लग्नात दिल्यालं घड्याळ कुठाय?"

"हाय की. दुरुस्तीला उघडलंय."

"कवा?"

"झाली... दोन-चार वरसं."

"आप्पा, ऱ्हाऊ द्या," धुरपदा दारात येऊन म्हणाली. "ह्यांचा हात लई जड हाय."

"दुसरं कोण हाय मग?" आप्पा म्हणाले.  म्हाताऱ्यानं जहाज धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून जावयाच्या मांडीवर दिलं. "परत्येक दोराला गाठ. गाठ म्हंजी गाठ, जावईबापू. सुटता कामा न्हाई."

हौशीराम शिरूरच्या एका खरेदी-विक्री संघात कारकून होता. त्यानं समुद्र पाहिला नव्हता. पूर आलेली घोड नदी पाहिली होती, तीही लांबून. घरी आल्यावर त्यानं पहिली गाठ मारली, तिच्यात त्याची करंगळी अडकली. दुसरी गाठ मारताना दोरा तुटला. तिसऱ्या गाठीत मिशीचा एक केस गेला आणि तो तसाच कायमचा डोलकाठीला राहिला. एवढ्यात जेवायची वेळ झाली.

मग त्याला आठवलं की आपण फुलवाल्यांच्या घरात जन्मलो. शिरूरबाहेरच्या मळ्यात त्याची आई, रंगुबाई, अजून मोगरा लावत होती आणि लहानपणी त्यानं तिच्या शेजारी बसून ढीगभर गजरे बांधले होते. दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवायचा, फास टाकायचा, त्यात देठ धरायचे, फास ओढायचा, त्याच्याच पोटातून पुढचा फास काढायचा. हात विसरले नव्हते. फक्त देठांच्या जागी शिडाची किनार आली. जे काम महिनाभर पुरेल असं आप्पांनी धरलं होतं, ते हौशीरामनं आठवड्यात उरकलं. वरून ताठपणासाठी भाताची खळ लावली, दोर उन्हात वाळवले, आणि जहाज असं काही दिसायला लागलं की त्याला स्वतःबद्दल आदर वाटला.

उरलेले सगळे दिवस त्यानं ते लोकांना दाखवण्यात घालवले. संघातले लोक येऊन चहा पिऊन गेले. हौशीराम हात मागं बांधून चालायला लागला. "वारं नैऋत्येचं हाय आज," असं तो भाजी आणायला निघताना म्हणायचा आणि धुरपदा पिशवी देऊन दार लावायची.

दौंडला जायच्या आदल्या संध्याकाळी रंगुबाई मळ्यातून आली. तिनं जहाजाभोवती एक फेरी मारली आणि डोळे बारीक केले.

"हौश्या, ही गजऱ्याची वीण हाय."

"मग? कशी बसलीया बघ."

"आरं, गजऱ्यात देठ असतो म्हणून फास धरतो. हितं देठ कुठाय? एक टोक वढलं का समदं आलं खाली."

हौशीराम हसला. मग त्याला घाम आला. दोऱ्याचं शेवटचं टोक मागच्या कठड्याशी लोंबत होतं. त्याला पक्की गाठ मारावी म्हणून त्यानं ते दोन बोटांत धरलं, तेवढ्यानंच मागचा एक फास सुळकन निघाला आणि छोटं शीड मान टाकून पडलं. रंगुबाईनं त्याच्या हातावर चापट मारून ते परत अडकवलं.

"आता हात नको लावू. खळीनं धरलंय तवर धरलंय. आभाळ आलं, हवा दमटली, का खळ सुटंल."

"आई, तू परत बांध की सगळं."

"खळीनं चिकटलंय ते उलगडायलाच सकाळ हुईल. आन् सकाळची तर तुमची यष्टी." ती पदर खोचत म्हणाली, "मी बी येते दौंडला. पोराचं जहाज बुडायचंच, तर आईनं जवळ असावं."

सकाळी आभाळात ढग होते. बहात्तरच्या दुष्काळातून नुकताच उठलेला तो मुलूख त्या ढगांकडं बघून हात जोडत होता, आणि हौशीराम एकटा मनातल्या मनात म्हणत होता, जा बाबांनो, पुढच्या आठवड्यात या. एसटीत तो जहाज मांडीवर घेऊन बसला. सुटं टोक धुरपदानं पदराच्या घोळात धरलं होतं, पण ओढ बसेल म्हणून मूठ आवळायची तिला भीती वाटत होती.

कंडक्टर आला. "ह्याचं तिकीट?"

"मांडीवर हाय की."

"वय काय?"

घाबरलेला माणूस खरं बोलतो. "तीनशे वरसं," हौशीराम म्हणाला.

"मग फुल तिकीट पडंल," कंडक्टर म्हणाला आणि पुढच्या बाकाकडं वळला.

शेजारी बसलेला एक म्हातारा मघापासून मान तिरपी करून बघत होता. "इनामगावात ते सायेब लोक जुनंपानं हुडकाया खणत्यात, तितं घावलं व्हय?" असं म्हणून त्यानं बोट पुढं केलं. हौशीराम एवढ्या जोरात "हात लावू नका" म्हणाला की ड्रायव्हरनं ब्रेक मारला. मोठ्या शिडाचा एक कोपरा दोन बोटं खाली आला. रंगुबाईनं मागच्या बाकावरून वाकून केसांतला आकडा काढला आणि तो कोपरा काठीला टोचून ठेवला. दौंड येईपर्यंत तिघंही श्वास मोजून घेत होते.

आप्पा शाळेच्या दारातच उभे होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. जहाज टेबलावर ठेवलं तसे ते जवळ आले. हात पाठीमागं घट्ट धरून त्यांनी ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. हौशीरामला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. पण आप्पांचे डोळे भरून आले होते.

"चांगलं केलंय," ते म्हणाले. सोयरीक झाल्यापासून त्यांनी जावयाला असं पहिल्यांदाच म्हटलं होतं. मग शेजारच्या टेबलावर मातीचा रायगड मांडणाऱ्या मास्तरांना म्हणाले, "दोरकाम आमच्या जावयानं केलं बरं का." ते ऐकून हौशीरामला इतकं बरं वाटलं आणि इतकं वाईट वाटलं की त्याला आधी बसावंसं वाटलं.

"हे काय लोंबतंय?" आप्पांनी विचारलं.

"ते... निशाणाचं हाय. निशाण चढवायचं टोक."

धुरपदानं कपाळाला हात लावला, मग घाम पुसल्यासारखं केलं. हौशीराम त्या टोकापुढं छाती काढून उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. लोक म्हणाले, आप्पांचा जावई किती जीव लावतो बघा. खिडकीबाहेर आभाळ खाली उतरत होतं, आणि शिडांचा सकाळचा ताठा गेला आहे हे त्याला पाठमोरं असूनही कळत होतं.

पंचायत समितीचे सभापती आले. त्यांनी दारातली फीत कापली, मातीच्या रायगडाला नमस्कार केला आणि जहाजापाशी येऊन थांबले. हौशीरामला कुणीतरी हार धरायला म्हणून बाजूला ओढलं.

"वा," सभापती म्हणाले. "आन् हे काय?"

"निशाणाचं टोक, सायेब," आप्पा अभिमानानं म्हणाले. "जावयानं मुद्दाम सोय ठेवलीया."

सभापतींनी आयुष्यभर झेंडे चढवले होते. निशाणाची दोरी समोर दिसली की त्यांचा हात आपोआप पुढं जायचा. त्यांनी सावधान होऊन, सराईतपणे, एक झोकदार ओढ दिली.

आधी शेवटचा फास निघाला. मग मागचं शीड. मग मधलं मोठं, त्याच्यामागून पुढचं. रंगुबाईचा आकडा टणकन तोफेवर पडला. बघता बघता आप्पांच्या जहाजावर तीन उघड्या काठ्या राहिल्या, आणि सभापतींच्या हातात एक लांबच लांब, सरळ, बिनगाठीचा दोरा.

 हौशीरामनं हार तोंडापुढं धरला. त्याला ढगांना दोष द्यायचा नव्हता, सभापतींनाही नव्हता. आप्पांकडं बघायचं धाडस तेवढं होत नव्हतं.

आप्पा घसा खाकरून म्हणाले, "जहाज बंदरात आलं का शिडं उतरवायची असत्यात, सायेब. दुसरीकडं त्याला पंचवीस खलाशी लागत्यात. हितं एका दोरात काम हुतं."

सभापतींचा चेहरा उजळला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. "फोटो राह्यला," ते म्हणाले. "परत चढवा बघू."

"भरतीला चढवत्यात," आप्पा म्हणाले. "आता ओहोटी हाय."

सभापतींनी खिडकीतून भीमा नदीच्या दिशेला एकदा पाहिलं. "बरोबर हाय," ते गंभीरपणे म्हणाले आणि तलवारींच्या टेबलाकडं गेले.

गर्दी त्यांच्यामागं सरकल्यावर आप्पांनी विचारलं, "कुठली गाठ मारली हुती?"

"गजऱ्याची," हौशीराम म्हणाला. "आप्पा, माझं चुकलं. मला सांगायचं हुतं."

 आप्पा शिडांच्या ढिगाजवळ गेले. त्यांनी एक शीड उचलायला बोटं पुढं केली, ती थरथरली, आणि त्यांनी ती मागं घेतली. हौशीरामला त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

रंगुबाईनं पदर खोचला. टेबलामागं बैठक मारून दोऱ्याचं टोक शोधलं आणि म्हणाली, "व्याहीबुवा, मला जहाजातलं काय कळत न्हाई. पर बोटं चालत्यात. तुमी सांगत जावा, मी बांधत जाते."

आप्पांनी स्टूल ओढलं. दोऱ्याला मेण कसं लावायचं इथपासून त्यांनी सुरुवात केली. पेच कसा टाकायचा, कुठला दोर आधी, कुठला मागून, हे ते सांगत होते आणि रंगुबाईची बोटं ते ऐकत होती. तिचं चुकलं की आप्पा गोदीतल्यासारखे ओरडत होते आणि ती मळ्यातल्यासारखी उलट ओरडत होती. हौशीरामला रीळ धरायचं काम दिलं होतं. दोनदा ते त्याच्या हातातून निसटून टेबलाखाली घरंगळलं, तेव्हा रीळ धुरपदाकडं गेलं आणि त्याला चहा आणायला पाठवलं.

दिवेलागणीला तो चौथ्यांदा चहा घेऊन आला तेव्हा जहाज उभं होतं. शिडं फुगली होती, दोर ताठ होते, आणि आप्पा पेल्यासाठी न थांबता बशीतून चहा सांडत पीत होते. मास्तरांकडून त्यांनी एक पुठ्ठ्याची पाटी लिहून घेतली होती. ती धुरपदानं जहाजापुढं ठेवली आणि वाचली. जहाज, चांगदेव सुतार, दौंड. दोरकाम, रंगुबाई, शिरूर. कृपया हात लावू नये.

"अवो," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्यात तुमचं नाव कुठं हाय?"

"तिसरी ओळ बघ की," हौशीराम म्हणाला. "ती माझ्यासाठीच लिवलीया."